भांगेच्या गोळ्याचे वजन

काशीत पंचगंगा घाटावरून प्रवाहाच्या उलट अंगाने चालू लागले की मराठी इतिहासाची रांगच लागते. ग्वाल्हेरचा घाट, जटारांचा घाट, मग रामघाट, पुढे मेहता घाट, अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट आणि नागपूरकर भोसल्यांचा घाट. रामघाटावर सांगवेद विद्यालय आहे; तिथे आजही मुले संथा घेतात. शेजारच्या घाटाला नाव मिळाले ते मेहता रुग्णालयावरून. आणि याच शहरात सरकारी परवान्याच्या दुकानांत भांगेचे हिरवे गोळे उघडपणे विकले जातात, ठंडाईत मिसळले जातात. महाशिवरात्रीला आणि होळीला तर विचारूच नये. शास्त्र, दवाखाना आणि लोकाचार असे तिघे इथे हाकेच्या अंतरावर नांदतात आणि भांगेवरून वाद पेटला की माणसे याच तिघांना साक्षीला बोलावतात. एक म्हणतो, आयुर्वेदात सांगितले आहे. दुसरा म्हणतो, कर्करोगाच्या पेशी तिने मरतात हे परदेशात सिद्ध झाले. तिसरा म्हणतो, बनारस शेकडो वर्षे पीत आले आहे, कुणाचे काय बिघडले? तिन्ही साक्षी ऐकण्याजोग्या आहेत. पण एक साधा प्रश्न तिघेही टाळतात: गोळा केवढा होता? गेल्या साठ वर्षांच्या संशोधनाने एक गोष्ट पक्की केली आहे. या वनस्पतीविषयी मात्रा किती, ती शरीरात कोणत्या वाटेने गेली आणि घेणारा कोण, हे न सांगता केलेले कोणतेही विधान, मग ते स्तुतीचे असो वा निंदेचे, अर्धेच असते.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्यांचा गांजा आणि त्या फुलोऱ्यांवरच्या चिकट राळेची चरस. पाश्चात्य वैद्यकाला तिची नीट ओळख करून दिली ती कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले डॉक्टर ओशॉनेसी यांनी. १८३९ मध्ये त्यांनी आधी जनावरांवर आणि मग धनुर्वात, संधिवात, लहान मुलांच्या आकडी अशा रुग्णांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. १८९६ मध्ये केंब्रिजच्या तीन रसायनज्ञांनी चरसेतून कॅनाबिनॉल वेगळे केले आणि नशेचे मूळ सापडले असा समज काही दशके टिकला. तो चुकीचा होता. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हाती आले होते, कारण ते स्फटिकरूपात मिळते. भांगेतले रेणू मात्र तेलकट, एकमेकांत गुंतलेले, वेगळे करायला महाकठीण. अखेर १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी पोलिसांकडून मिळालेल्या हशीशमधून टीएचसी हा खरा मादक रेणू शुद्ध रूपात काढला. त्याच्या आदल्याच वर्षी मेशुलाम यांनी सीबीडी या दुसऱ्या, नशा न आणणाऱ्या रेणूची रचना उलगडली होती. या दोघांना आणि त्यांच्या शंभराहून अधिक भावंडांना मिळून कॅनाबिनॉइड म्हणतात.

रेणू सापडला, पण तो शरीरात करतो काय, हे कळायला आणखी पाव शतक गेले. १९८८ मध्ये अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी उंदरांच्या मेंदूत टीएचसीसाठी जणू मुद्दाम घडवलेले कुलूप, म्हणजे ग्राही, असल्याचे दाखवले. पुढे त्याला सीबी-१ हे नाव मिळाले. मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या पेशींवर आढळणारा सीबी-२ हा दुसरा ग्राही १९९३ मध्ये ओळखला गेला. आता प्रश्न असा, की एका रानटी झाडाच्या राळेसाठी आपल्या मेंदूने कुलूप कशाला बनवून ठेवावे? याचा अर्थ किल्लीही शरीरातच असणार. ती १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये डुकराच्या मेंदूतून मिळाली. डिव्हेन, लुमिर हानुश आणि मेशुलाम यांनी तिचे नाव ठेवले ते संस्कृतातून: आनंद अधिक अमाइड, आनंदामाइड. सवर्णदीर्घ संधी अगदी बिनचूक झाला आहे. या नावाने आपल्याकडे मात्र एक घोटाळा केला. नाव संस्कृत, म्हणजे ज्ञानही आपलेच, असा निष्कर्ष अनेकांनी काढून टाकला. नाव संस्कृत आहे, शोध प्रयोगशाळेतला आहे आणि आनंदामाइड भांगेत नसते, आपल्या मेंदूत असते.

हा शरीरातला रेणू कसा काम करतो हे समजले की भांगेविषयीचे निम्मे वाद आपोआप मिटतात. पंगतीत वाढपी वाढत पुढे सरकतो आणि जेवणारा पानावर आडवा हात धरून पुरे म्हणतो, तसे हे काम आहे. मेंदूत एक पेशी दुसरीला रासायनिक निरोप वाढत असते. निरोप जास्त होऊ लागला की घेणारी पेशी त्याच क्षणी आनंदामाइड किंवा १९९५ मध्ये सापडलेले २-एजी हे त्याचे भावंड तयार करते आणि ते उलट दिशेने देणाऱ्या पेशीकडे जाते. तिथे सीबी-१ ग्राही जागा होतो, कॅल्शियमची दारे अर्धवट मिटतात आणि वाढणे थांबते. इतर संदेशवाहक आधी बनवून पिशव्यांत साठवलेले असतात. हे तसे साठवले जात नाहीत. लागेल तेव्हा, लागेल तिथे बनतात आणि विकरे त्यांचा लगेच निकाल लावतात. हात एकाच पानावर, एका क्षणापुरता. टीएचसी हेच कुलूप उघडते, पण त्याला पंगत कळत नाही. रक्तातून ते सगळीकडे पोचते आणि तासन्‌तास सगळ्याच पानांवर हात धरून बसते: ज्याचे पोट भरले आहे त्याच्या आणि जो उपाशी आहे त्याच्याही. म्हणून एकाच मात्रेत वेदना कमी होते, भूक वाढते, वेळ लांबल्यासारखा वाटतो, आत्ताच ऐकलेले वाक्य विसरते आणि तोल जातो. हे वेगवेगळे गुणदोष नव्हेत, एकाच क्रियेचे मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतले परिणाम आहेत. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुडख्यात हे ग्राही फार विरळ आहेत, त्यामुळे अफूच्या पदार्थांसारखा श्वास बंद पडून मृत्यू भांगेने सहसा येत नाही.

या यंत्रणेला हात लावणे किती नाजूक आहे हे दोन अपयशांनी शिकवले. टीएचसीने भूक वाढते, तर सीबी-१ अडवला की भूक कमी होईल, या सरळ तर्काने रिमोनाबँट हे वजन घटवण्याचे औषध निघाले. २००६ मध्ये युरोपात त्याला मान्यता मिळाली. वजन उतरलेही. पण नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसल्यावर २००८ मध्ये ते मागे घेतले गेले आणि भारतानेही २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. दुसरा तर्क असा, की आनंदामाइड मोडणारे विकर अडवावे म्हणजे शरीराचाच आनंद जास्त टिकेल. २०१६ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या रेन शहरात अशा एका रेणूच्या चाचणीत एक निरोगी स्वयंसेवक दगावला आणि काहींच्या मेंदूला इजा झाली. त्याच जातीच्या इतर रेणूंनी असे केले नव्हते, त्यामुळे दोष त्या रेणूचा होता असा अंदाज आहे. तरी धडा उरतोच: कागदावरचा तर्क कितीही सुबक असला तरी शरीर त्याला बांधील नसते.

आता कर्करोगाकडे येऊ, कारण फॉरवर्ड होणारे बहुतेक निरोप त्याच्याविषयी असतात आणि ते अगदीच निराधार नसतात, हीच खरी अडचण आहे. १९७५ मध्येच अमेरिकेत व्हर्जिनियातल्या संशोधकांना उंदरांतल्या फुप्फुसाच्या गाठी टीएचसीने मंदावल्याचे दिसले होते. माद्रिदच्या मान्युएल गुझमान यांच्या गटाने २००० मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या ग्लायोमा गाठींवर तसाच परिणाम दाखवला आणि पुढे त्याची कारणमीमांसाही केली. टीएचसीमुळे कर्कपेशीत सिरॅमाइड नावाचा मेदरेणू साठतो, पेशीचे प्रथिने घडवण्याचे कामकाज विस्कळीत होते आणि ती स्वतःलाच पचवू लागते. हे काम भक्कम आहे. पण असे परिणाम काचेच्या बशीत किती मात्रेला दिसतात ते पाहावे. सर्वसाधारणपणे ५ ते १० मायक्रोमोलर. टीएचसीचा रेणुभार ३१४, म्हणजे हे प्रमाण दर मिलिलिटरला सुमारे १,५०० ते ३,००० नॅनोग्रॅम झाले. आणि माणसाने १० मिलिग्रॅम टीएचसी तोंडाने घेतले तर रक्तातले प्रमाण कळसालाही साधारणतः १० नॅनोग्रॅमच्या आतच राहते. दीडशे ते तीनशे पटींची ही दरी आहे. शिवाय रक्तात टीएचसीचा बहुतांश भाग प्रथिनांना चिकटून बसतो. बशीत त्याला अशी आडकाठी कमी असते. बशीतल्या पेशी तशा साबणाच्या पाण्यानेही मरतात. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे २००४ मध्ये जर्मन संशोधकांना उलटा परिणाम दिसला. रक्तात प्रत्यक्ष पोचू शकेल अशा कमी मात्रेत टीएचसीने काही कर्कपेशींची वाढ वेगाने होऊ लागली. अधिक मात्रेत मारक, थोड्या मात्रेत पोषक. मग ठंडाईच्या पेल्याने गाठ विरघळेल असे सांगणारा माणूस नेमक्या कोणत्या मात्रेची हमी देतो?

गुझमान यांच्या गटाने ही दरी ओळखली होती, म्हणूनच माणसांवरच्या पहिल्या चाचणीत त्यांनी टीएचसी तोंडाने दिले नाही. नळीवाटे थेट गाठीच्या जागी सोडले. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ९ रुग्ण, सगळ्यांचा ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग उलटलेला. औषध सहन झाले, एवढे निश्चित ठरले. मध्यम आयुर्मान २४ आठवडे भरले आणि तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्यावरून बरे झाल्याचा किंवा न झाल्याचा निष्कर्ष निघत नाही. ब्रिटनमध्ये २०२३ पासून नेहमीच्या औषधाबरोबर कॅनाबिनॉइडचा तोंडात मारायचा फवारा देऊन दोनशेहून अधिक रुग्णांची रीतसर चाचणी सुरू झाली आहे. तिचे निष्कर्ष येईपर्यंत अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये दिलेला सल्ला ग्राह्य धरावा: चाचणीबाहेर, गाठीवरचा उपचार म्हणून कॅनाबिनॉइड घेऊ नयेत, केमोथेरपीच्या न थांबणाऱ्या उलट्यांसाठी त्यांचा विचार करता येतो.

याउलट जिथे यश आले तिथे ते अरुंद आणि मोजून घेतलेले आहे. ड्रावे सिंड्रोम या बालवयातल्या दुर्धर अपस्माराच्या १२० रुग्णांवरची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सीबीडी दिलेल्यांत महिन्यातल्या झटक्यांचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला. नुसते तेल मिळालेल्यांत १४.९ वरून १४.१. मात्रा होती वजनाच्या दर किलोला रोज २० मिलिग्रॅम. म्हणजे वीस किलोच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम शुद्ध सीबीडी, जे भांगेच्या पेल्यात येणे नाही. २०१८ मध्ये अमेरिकेने त्याला औषध म्हणून मान्यता दिली. मौज अशी, की सीबीडी हे सीबी-१ चे कुलूप जवळजवळ उघडतच नाही. ते पेशींवरच्या इतर दारांतून काम करते असे दिसते. केमोथेरपीच्या उलट्यांवर कृत्रिम टीएचसी १९८५ पासून आहे आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधल्या स्नायूंच्या ताठरपणावर फवारा आहे. जुनाट वेदनेत काही जणांना माफक आराम मिळतो. यादी एवढीच. एका झाडासाठी ही यादी लहान मुळीच नाही, पण ‘सर्व रोगांवर’ या पाटीपासून ती फार दूर आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: झाडाचे पेटंट मिळत नाही, म्हणून कंपन्या ते दाबून टाकतात. पण अपस्मारावरचे ते औषध कंपनीनेच झाडे लावून, त्यांतून सीबीडी काढून बाजारात आणले आणि चांगले महाग विकले. पैसा मिळतो हे कळल्यावर दाबून कोण टाकील? या आक्षेपाची दुसरी, अधिक गंभीर बाजू अशी, की अख्ख्या वनस्पतीत अनेक घटक एकमेकांना साथ देतात, एकटा रेणू काढला की ती साथ तुटते. शक्य आहे, सीबीडी टीएचसीचे काही परिणाम सौम्य करते की नाही यावर आजही उलटसुलट निष्कर्ष येतात. पण साथ आहे असे म्हणायचे तर कोणता घटक किती, हे आधी सांगावे लागेल, आणि आपण पुन्हा गोळ्याच्या वजनापाशी येतो.

दुसरा आक्षेप आयुर्वेदाचा, आणि तो आदराने ऐकावा असा आहे. शार्ङ्गधरसंहितेत व्यवायी द्रव्याचे लक्षण सांगताना भांग आणि अफू ही उदाहरणे दिली आहेत: जे आधी सर्व शरीर व्यापते आणि मग पचते ते व्यवायी. चरबीत विरघळणाऱ्या, मेंदूपर्यंत बेधडक पोचणाऱ्या रेणूचे हे नेमके निरीक्षण आहे. त्यावरून ग्रंथकाराला ग्राही ठाऊक होते असे म्हणणे मात्र ग्रंथकारावर अन्याय करणे होय. त्यांनी पाहिले ते नीट पाहिले, न पाहिलेल्याचा दावा केला नाही. वैद्यांची परंपरा भांग कच्ची देत नाही. धुऊन, वाळवून, तुपात परतून शोधन करते. हिरव्या पानात टीएचसी आम्लरूपात असते आणि त्या रूपात ते नशा आणत नाही, उष्णतेने त्याचे टीएचसी होते आणि ते तुपात उतरते, हे आज कळते. औषधांच्या कायद्यातल्या अनुसूची ई-१ मध्ये, म्हणजे आयुर्वेदिक विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे आणि अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. तेव्हा आयुर्वेदाची साक्ष काढणाऱ्याने ती पूर्ण वाचावी. आयुर्वेद भांग मात्रेत, संस्कार करून, विशिष्ट रोग्याला देतो. सणाच्या पेल्याला तो प्रमाणपत्र देत नाही.

उरला तिसरा साक्षीदार, खुद्द बनारस. शेकडो वर्षे पीत आलो, काय बिघडले? या प्रश्नाची चौकशी एकदा झाली होती आणि ती आजही वाचण्यासारखी आहे. १८९३-९४ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने देशभर १,१९३ साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यातली गांजाची लागवड तेव्हा बरीचशी अहमदनगर जिल्ह्यात होती, त्यामुळे हा विषय मराठी मुलखालाही परका नव्हता. वेड्यांच्या इस्पितळांत ‘कारण: गांजा’ अशा नोंदींचे ढीग होते. आयोगाने १८९२ च्या रुग्णांच्या नोंदी मुळापासून तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक गळून पडल्या. रुग्ण आणून सोडणाऱ्या पोलिसाने रकाना रिकामा राहू नये म्हणून शब्द भरला होता, एवढाच अनेकींचा आधार. निष्कर्ष असा निघाला, की बेताच्या सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिरेकाने होते. बंदी नको, नियंत्रण हवे. पण हा आयोग ज्या भांग-गांजाविषयी बोलला, तो आजचा नव्हे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या ४५,५७० सैनिकभरती तरुणांच्या पाहणीत पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले आणि २०१९ च्या युरोपीय अभ्यासात सर्वाधिक धोका दिसला तो १० टक्क्यांहून जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांत. मनोविकाराकडे झुकलेला तरुणच आधी गांजाकडे वळतो, अशी शंका यावर घेतली जाते आणि ती काही अंशी खरीही आहे. पण मात्रा वाढली की धोका वाढतो, ही शिडी तेवढ्याने नाहीशी होत नाही.

बनारसच्या बाजूने सांगण्यासारखा पुरावाही आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात वर्षभरात सुमारे २.२ कोटी लोकांनी भांग घेतली आणि १.३ कोटींनी गांजा किंवा चरस. व्यसनाच्या पातळीला गेलेल्यांचे प्रमाण मात्र गांजा-चरसवाल्यांत अधिक होते. चंडीगडच्या पीजीआयमधल्या सत्तरच्या दशकातल्या अभ्यासातही चरस ओढणाऱ्यांची कामगिरी भांग पिणाऱ्यांपेक्षा खालावलेली दिसली. पान सौम्य, राळ तीव्र, हे त्याचे सरळ कारण. पण पिण्याची स्वतःची एक खोड आहे. धूर मिनिटांत चढतो, माणसाला अंदाज येतो आणि तो थांबतो. भांग पोटातून यकृतात जाते, तिथे टीएचसीचे आणखी एक मादक रूप तयार होते, अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात आणि तो सहा-आठ तास टिकतो. तासाभरात काहीच झाले नाही म्हणून दुसरा पेला घेणारा नवखा पाहुणा दोन्ही पेले एकदम भोगतो. थोड्या मात्रेत चिंता निवळते, जास्तीत तीच चिंता भीतीपर्यंत जाते. हृदयाचे ठोके वाढतात, आणि हृदयरोग्याला ते परवडणारे नसते. रोज पिणाऱ्या बनारसी माणसाला आपला गोळा ठाऊक असतो. बिघडत नाही ते त्याचे. ज्यांचे बिघडले त्यांची मोजणी कुणी केली?

मोजणीला कायद्याचीही मोठी आडकाठी नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने चरस आणि फुलोरे गुन्ह्यात धरले, शेंड्यांविना आलेली पाने आणि बिया वगळल्या; म्हणून भांग राज्यांच्या हाती राहिली. उत्तर प्रदेशात ती परवान्याने विकली जाते, महाराष्ट्रात दारूबंदीच्या कायद्याखाली तिच्यावर निर्बंध आहेत. संशोधनासाठी लागवडीचा परवाना जम्मूच्या सीएसआयआर संस्थेला मिळालेला आहे. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी बाहेर काढले, तेव्हा भारताचे मत बाजूने पडले होते. आणि रामघाटाहून नदीने वर गेले की काशी हिंदू विश्वविद्यालय लागते, जिथे आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक एकाच वैद्यकीय संस्थेच्या छपराखाली शिकवले जाते. परवान्याच्या दुकानांतले गोळे आणून त्यांतले टीएचसी आणि सीबीडी मोजणे, पिणाऱ्यांच्या संमतीने रक्तातले प्रमाण तासातासाला पाहणे आणि दहा वर्षे त्यांची स्मृती, मन आणि हृदय तपासत राहणे, हे काम जगात कुठे सहज होण्यासारखे असेल तर ते इथेच.

ते होईपर्यंत एक गोष्ट वाचकाच्या हाती आहे. कॅनाबिनॉइड यकृतातल्या ज्या विकरांवर अवलंबून असतात, त्यांच्यावरच इतर अनेक औषधेही अवलंबून असतात. सीबीडीमुळे क्लोबझम या अपस्मारावरच्या औषधाचा अंमल वाढतो, व्हाल्प्रोएटबरोबर यकृताला त्रास होऊ शकतो आणि वॉरफरिन घेणाऱ्याचे रक्त अधिक पातळ होऊ शकते. घरात कुणी झटक्यांची, रक्त पातळ करणारी किंवा हृदयाची औषधे घेत असेल आणि सणाला भांग घेणार असेल किंवा कुणाच्या सांगण्यावरून तिचे तेल घेत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, लाज न बाळगता सांगा, आणि जमल्यास बाटली किंवा गोळाही सोबत न्या.